भिंतीपलीकडचा माग

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या घरातली एक भिंत बसली. मातीची भिंत एकदम पडत नाही. आधी पोट काढते, मग एखाद्या रात्री खाली बसते. घर सोलापूरच्या पूर्व भागातले. पुढे राहायच्या तीन खोल्या, मागे कारखाना. कारखाना म्हटल्यावर बाहेरगावच्या माणसाने चिमणी आणि फाटक डोळ्यांसमोर आणू नये. आमच्याकडे पत्र्याखाली चार माग बसले की त्या खोलीला कारखाना म्हणतात. राहणे आणि कारखाना यांच्यामध्ये ही दीड हात जाडीची दगडमातीची भिंत होती. तिच्या पलीकडे आजोबांचा हातमाग होता, मग अब्बांचे यंत्रमाग आले, आज माझा पुतण्या चार मागांवर टॉवेल काढतो. भिंतीच्या अलीकडे मी कविता लिहितो, म्हणजे तसा प्रयत्न करतो.

नवी भिंत घालायची ठरली तेव्हा घरातल्या सगळ्यांची एकच मागणी होती, आवाज येता कामा नये. गवंडी तेलुगू, आमच्याच गल्लीतला. तो हसला आणि म्हणाला, "आवाज येऊ नये म्हणता तर भिंत कशाला घालता? माग उचला." माग उचलले तर भिंत घालायला पैसे कुठून येणार, हे त्यालाही ठाऊक होते. त्याचेही दोन भाऊ मागावरच आहेत.

त्या निमित्ताने मी आवाज अडवण्याच्या इतिहासात शिरलो. बी.ए. झालेल्या माणसाला पदार्थविज्ञान कितपत कळणार, असे आपण म्हणाल. पण ज्या घरात बोलण्याआधी मनुष्य मागाकडे पाहतो, त्या घरात वाढलेल्याला या विषयाची थोडी तयारी आपोआप झालेली असते.

आजोबांचा माग खड्ड्यातला होता. विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसे, पायाने पावड्या दाबी, हाताने धोटा फेकी आणि फणी ठोकी. त्याचा आवाज होता, पण तो माणसाच्या दमाने चालणारा होता. माणूस थकला की आवाज थांबे. इंग्लंडात एडमंड कार्टराइट नावाच्या पाद्र्याने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले आणि हे नाते तुटले. साध्या यंत्रमागात लाकडी धोट्याला एका बाजूने दांडीचा फटका बसतो, तो धावत जाऊन दुसऱ्या बाजूच्या पेटीत आदळतो, तिथून पुन्हा फटका. मध्ये फणी ठोकते ती वेगळीच. हे सारे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. असे चार माग पत्र्याच्या एका खोलीत लावले की जे होते, ते 'खटखट' या शब्दात मावत नाही.

सोलापुरात हा आवाज प्रथम आला तो गिरणीत. आमची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या. गिरणीला दगडी भिंती होत्या, आवार होते, भोंगा होता. माणूस आवाजाकडे जाई आणि पाळी संपली की घरी येई. तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि आमच्यासारखे मोमीन यांच्या घरांत तेव्हा हातमागच होते. स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या जागी हळूहळू यंत्रमाग बसले आणि गिरणीच्या आवारातला आवाज आमच्या स्वयंपाकघराला येऊन चिकटला. चादर-टॉवेलांनी सोलापूरचे नाव देशोदेशी नेले याचा मला अभिमान आहे. ती चादर कित्येक घरांत बाळाच्या पाळण्याला लागून असलेल्या भिंतीपलीकडे विणली गेली, एवढेच तिच्या लेबलावर लिहिलेले नसते. आमच्याकडची मुले मागाच्या आवाजात झोपत आणि लाइट गेली की दचकून उठत. बायका अलीकडच्या बाजूला विड्या वळत बसत आणि एकमेकींशी ओठांनी बोलत.

हे ओठांनी बोलणे आमचेच असेल असे मला वाटे. पण भारतातल्या गिरण्यांची यंत्रे बहुतांशी ज्या लँकेशायरहून येत, तिथल्या विणकर बायकांनीही हेच केले होते. ओठांची हालचाल मोठी करून, आवाज न काढता बोलायचे. त्यांनी त्याला 'मी-मॉ' असे नावही दिले होते. यंत्र आले तेव्हा त्याच्यासोबत ही भाषा काही आली नाही. ज्याने त्याने आपापल्या जागी ती नव्याने शोधली. आमच्या कारखान्यात एक तेलुगू, एक कानडी आणि आम्ही घरात दखनी बोलणारे अशी माणसे होती. तोंडाने बोलताना अडखळत, पण माग चालू असताना एकमेकांचे बरोबर समजे.

अब्बांना मात्र पुढे तेही पुरेना. चाळिशी ओलांडल्यावर त्यांचे ऐकणे कमी होत गेले. आधी पाखरांचे आवाज गेले, मग नातवंडांचे. अजान ऐकू येत नसे, म्हणून घड्याळ पाहून ते नमाजला निघत. घड्याळ एकदा बंद पडले तर दिवसभर ओशाळल्यासारखे बसून राहिले. कोणी विचारले तर म्हणत, "वयानुसार होते." वय तेव्हा पन्नासही नव्हते.

हे वयानुसार होत नाही, हे जगाला फार पूर्वी कळले होते. इटलीतला वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात तांबटांच्या बहिरेपणाविषयी लिहिलेले आहे. व्हेनिसमध्ये तांबटांची वस्ती एकत्र होती आणि दिवसभर भांडी ठोकून त्यांचे कान जात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्याने घटकाभर उभे राहून पाहिले असेल, त्याला व्हेनिसला जायची गरज नाही. पुढे १८८६ मध्ये ग्लासगोचा कानाचा डॉक्टर टॉमस बार याने नीट मोजणी केली. शंभर बॉयलर बनवणारे, शंभर ओतकाम करणारे आणि शंभर टपालवाले त्याने तपासले. साधन काय, तर खिशातले घड्याळ. टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते ते पाहायचे. शंभर बॉयलरवाल्यांपैकी एकाचेही ऐकणे निकोप निघाले नाही. म्हणजे अब्बांच्या जन्माच्या कितीतरी आधी हे सिद्ध झालेले होते.

आता भिंतीच्या अलीकडच्या बाजूचा इतिहास पाहू. तो आमच्या, म्हणजे लेखक मंडळींच्या, बाजूचा आहे आणि थोडा हास्यास्पदही आहे. लंडनमध्ये टॉमस कार्लाइल नावाचा मोठा लेखक होता. मौनाची थोरवी सांगण्यात त्याने असंख्य पाने खर्च केली. शेजाऱ्यांचे कोंबडे, कुत्रे आणि पियानो यांनी तो हैराण होई. शेवटी १८५३ मध्ये त्याने घराच्या माथ्यावर एक नवी खोली बांधून घेतली. भिंती दुहेरी, उजेड छतातून. खालचे कोंबडे अडले, पण वरून नदीतल्या बोटींच्या शिट्ट्या आणि लांबच्या घंटा येऊ लागल्या. त्या खोलीत तो वैतागत बारा वर्षे लिहीत बसला. कार्लाइलचा बाप स्वतः दगडी काम करणारा गवंडी होता. मुलाने बापाला विचारले असते तर तोही आमच्या गवंड्यासारखा हसला असता, असे मला उगाच वाटते. पण तो तेव्हा हयात नव्हता.

पॅरिसमध्ये मार्सेल प्रूस्तने १९१० मध्ये आपल्या झोपायच्या खोलीला बुचाच्या लाकडाचे अस्तर लावून घेतले. साहित्याच्या इतिहासात ही खोली फार प्रसिद्ध आहे. पण बूच हलके असते. ते खोलीतला आवाज थोडा शोषते, बाहेरचा आवाज फारसा अडवत नाही. ही चूक आपण सगळेच करतो. मीही केली. आकाशवाणीवर कविता वाचायला गेलो की मी स्टुडिओच्या भिंतींवरचे भोकाभोकांचे तक्ते कौतुकाने पाहत असे. भिंत घालायच्या वेळी तिथल्या इंजिनिअरांना मी विचारले, की असे तक्ते आमच्या भिंतीला लावले तर? ते म्हणाले, "हे तक्ते तुमचाच आवाज तुमच्यावर उलटू नये म्हणून आहेत. बाहेरचा आवाज अडवते ती यांच्यामागची भिंत. ती तुम्हाला दिसत नाही."

हा फरक नीट उलगडला तो अमेरिकेतल्या वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा-पंधरा त्यावर येऊन पडत. सेबाइनने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजत बसला. सकाळी गाद्या परत जागेवर. मोजायला माप हवे म्हणून त्याने उघडी खिडकी धरली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे खिडकी ही सगळ्यात उत्तम शोषक. वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आमच्याकडे खिडकी बंद करायला सगळे ओरडतात आणि शास्त्र म्हणते, आत बसलेल्याच्या दृष्टीने तिच्यासारखे काही नाही.

आमच्यापासून शंभर किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट आहे. आदिलशाही गवंड्यांनी सतराव्या शतकात बांधलेल्या त्या घुमटात एका बाजूला कुजबुजलेले समोरच्या बाजूला ऐकू येते, कारण चुन्याची कठीण गोल भिंत आवाज गिळत नाही, पुढे सरकवत राहते. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही तिथे ओरडून घेत असू. घरी ओरडून कोणाला ऐकू जात नसे.

रेडिओवाल्यांनी दोन्ही धडे चुका करत गिरवले. लंडनच्या बीबीसीने १९२३ मध्ये पहिल्या स्टुडिओंना जाड पडदे लावले, तेव्हा आवाज इतका मेल्यासारखा झाला की बोलणाऱ्यालाच घुसमटल्यासारखे होई. १९३२ मध्ये नवी इमारत बांधताना त्यांनी स्टुडिओ मधोमध विटांच्या जाड बुरुजात घातले आणि भोवती कचेऱ्यांचे कडे ठेवले. रस्त्याचा आवाज अडला. जमिनीखालून जाणाऱ्या रेल्वेची घरघर मात्र काही स्टुडिओंत येतच राहिली, कारण ती हवेतून येत नव्हती, जमिनीतून येत होती. मुंबईत १९२७ मध्ये रेडिओ सुरू झाला आणि हे सारे ज्ञान आपल्याकडेही आले. पण ते स्टुडिओच्या दारापाशी थांबले. पूर्व भागात यायला त्याला वाट सापडली नाही.

तर भिंत. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज साधारण पाच-सहा डेसिबलने उतरतो, एवढेच. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटांची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडवते, नऊ इंची सुमारे ५०. म्हणजे दुप्पट विटा, दुप्पट पैसे आणि फायदा पाचाचा. हल्ली मिळणारे हलके सिमेंट ब्लॉक उचलायला सोपे, उन्हालाही बरे, पण आवाजाला कमी पडतात. आमच्या आजोबांची दीड हाती मातीची भिंत या हिशेबात फार शहाणी होती. कारखान्यात १०० डेसिबलच्या आसपास आवाज असला तर नऊ इंची भिंतीतूनही ५० अलीकडे येणार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. ती परिसरासाठी असते, घरातल्या भिंतीसाठी नव्हे. पण अंदाज यावा म्हणून सांगितली.

त्यापेक्षा दोन पातळ भिंती, मध्ये पोकळी, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, ही रचना जास्त काम करते. आम्ही कारखान्याकडे नऊ इंची आणि घराकडे चार इंची अशी जोडभिंत घातली, मध्ये दोन इंच मोकळे. गवंड्याला ही गोष्ट पटवताना नाकी नऊ आले. दोन भिंती एकमेकींना बांधायच्या नाहीत हे त्याच्या हातालाच मान्य नव्हते. मध्ये पडलेला मसाला साठून दोन्ही भिंतींना चिकटला तरी आवाजाला पूल मिळतो, म्हणून तो पोकळीत एक फळी दोरीने सोडून ठेवी आणि वर ओढून साफ करी. ही युक्ती त्याची, पुस्तकातली नव्हे. वर पत्र्यापाशी बोटभर फट राहिली होती, ती बुजवली. मागांच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे घातले. तरी लादीवर पाय ठेवला की तळव्याला माग कळतो. लंडनच्या त्या रेल्वेसारखेच.

गिलावा वाळला. मी खोलीत जाऊन बसलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला पंख्याचा आवाज ऐकू आला. तेवढ्यात पुतण्या आला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "चाचा, हमारे बाजू का क्या?"

मी या विषयावर इतके वाचले होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्याच्या बाजूला काय झाले होते? जुन्या खडबडीत मातीच्या जागी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आला होता आणि तो जवळजवळ सगळा आवाज परत त्याच्यावरच फेकत होता. कार्लाइल, प्रूस्त आणि मी, तिघेही भिंतीच्या एकाच बाजूला बसलो होतो. डॉक्टर बार तेवढा पलीकडे जाऊन आला.

कायदा कुठे बसला होता तेही मग पाहिले. भारतीय मानक संस्थेने बिगरऔद्योगिक इमारतींत आवाज कसा अडवावा याची संहिता १९६२ मध्ये काढली आणि औद्योगिक इमारतींत तो कमी कसा करावा याची वेगळी संहिता १९६५ मध्ये. आमच्या भिंतीचे एक तोंड पहिल्या संहितेत आणि दुसरे दुसरीत. १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीत पुढे आवाजाने येणारे बहिरेपणही आले होते. पण मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या आणि किमान १० कामगार असलेल्या जागेला लागू होता. चार मागांपाशी दहा माणसे कुठून येणार? सोलापूर ज्याला कारखाना म्हणते, तो कायद्याच्या लेखी बहुधा कारखानाच नव्हता. म्हणून अब्बांचा कान कोणत्याच वहीत गेला नाही.

पुतण्याच्या बाजूला मग आम्ही पत्र्याखाली आणि भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात रॉकवूल घातले, त्यावर भोकांचा पत्रा. सूत आणि कापडाच्या चिंध्या भरून स्वस्तात काम होईल असे एकाने सुचवले होते. कापसाची धूळ उडणाऱ्या खोलीत तो आगीला दिलेला आवतणाचा कागद झाला असता. एवढे करून तिथला आवाज थोडाच उतरला. खोली घुमायची थांबली, पण धोटा आदळतो तिथे उभ्या माणसाला धोटाच ऐकू येणार. मी त्याला कानात घालायचे बोळेही आणून दिले. तो कधी घालतो, कधी नाही. म्हणतो, धोटा अडकायच्या आधी मागाचा सूर बदलतो, तो कानालाच आधी कळतो. कळले नाही तर सगळा ताणा तुटतो आणि दिवस वाया जातो. माग बदलले, बिनधोट्याचे नवे घेतले तर फरक पडेल, पण ते घेणे त्याच्या आवाक्यात नाही.

एक गोष्ट राहिली. जुन्या भिंतीत हातभर रुंदीचा एक झरोका होता, त्याला लाकडी झडप. अम्मी त्यातून कारखान्यात चहा देई. अब्बांना हाक ऐकू येत नसे, म्हणून झरोक्यातून एक सुतळी मागावरच्या वाशापर्यंत नेलेली होती आणि तिच्या टोकाला लाल चिंधी. अम्मीने सुतळी ओढली की चिंधी हाले आणि अब्बा माग थांबवून येत. नव्या भिंतीत झरोका ठेवायचा का, असे गवंड्याने विचारले तेव्हा माझा हिशेब तयार होता. शंभर चौरस फुटांच्या भिंतीला एक चौरस फुटाचे भोक ठेवले, तर ५० डेसिबल अडवणारी भिंतसुद्धा जेमतेम २० अडवते. एवढ्याशा भोकाने सगळी मेहनत वाया. मी हे अम्मीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग पोराला चहा?"

झरोका बंद केला. आता गॅसच्या शेजारी एक बटण आहे. ते दाबले की पलीकडे मागांवर लाल बल्ब लागतो. पुतण्या मागच्या दाराने निघून गल्लीला वळसा घालून येतो. तेवढ्यात चहा निवतो, अशी त्याची तक्रार होती. गेल्या आठवड्यात फ्लास्क आणला.